घटाची माती

नागपूर, १४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गंधालीस अ. उ. आ.

आशीर्वाद मनातून येत नाही. पण भावजयीला आशीर्वादाशिवाय पत्र लिहू नये, हे बाबांनीच शिकवलंय.

बाबांच्या रक्ताचा सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट सोबत आहे. नमुना लवकर पाठव म्हणून तुझ्या हातापाया पडले होते. यंत्र जंतूचे जनुक वाचून एक-दोन दिवसांत नाव सांगतं, हे तुला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तू पडलीस बाबांना ठेवलं त्याच हॉस्पिटलच्या लॅबमधली! तुझं एकच पालुपद, कल्चरवर भरवसा ठेवा, प्लेटवर जंतू उगवला की बघू. उगवला ना? तूच त्याच्यापुढे लिहिलंस, ‘बाहेरून आलेला, दुर्लक्ष करावे.’ म्हणे नमुना घेताना कातडीवरून शिरलेला. शेवटी मी भांडून नमुना पाठवला आणि नाव कळलं तेव्हा बाबा गेलेले होते. सेप्सिस कुणाची वाट बघत नाही, बाई.

भाऊबीजेला शिशिरला पाठवू नकोस. माझं माहेर आता माझ्या गॅलरीत आहे. नवरात्रात घटासाठी बाबांनी अभनपूरच्या शेतातून माती आणून दिली होती, तिच्यात मी तुळस लावली. भार्गव रोज हाताने ती माती मोकळी करतात. साखरेचं पथ्य पाळणार नाहीत, तुळशीला मात्र चुकत नाहीत.

लोभ होता तेवढा पुरे.
चित्रा

रायपूर, १९ ऑक्टोबर

ती. चित्राताईंना सा. न. वि. वि.

माझे, शिशिरचे फोन तुम्ही घेत नाही, भार्गवरावांनाही घेऊ देत नाही. म्हणून पत्र मिळताच शिशिर हे उत्तर घेऊन गाडीत बसतोय. भाऊबीज समजू नका.

आधी कामाचं. त्या कुंडीला कुणी हात लावू नका.

मला दोषी ठरवायला रिपोर्ट पाठवलात, पण तो जंतू कुठे राहतो हे पाहिलं नाहीत. तो भाताच्या चिखलात राहतो. जखमेतून, भेगेतून आत शिरतो आणि साखर असलेल्याला आधी धरतो. बाबांच्या टाचांना भेगा होत्या. घटाची माती म्हणून ते चप्पल काढून शेतात उतरले. आईंनी अडवलं, तर म्हणाले, पोट्टीनं मांगितली हाय, आपलीच माती, मले काय चावून राहिली का?

प्लेटचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. रोज तेच डोळ्यांपुढे येतं. पण तुमच्या रिपोर्टातही चार नावं आहेत, कातडीवरचे निरुपद्रवी जंतूसुद्धा. आणि कोणतं औषध लागू पडेल, ते उगवलेल्या जंतूवरच नीट कळतं. त्यावर भांडायला जन्म पडलाय. भार्गवरावांना ताप आलाच, तर डॉक्टरांना या चिखलातल्या जंतूचं नाव आधी सांगा.

माती आणि हा जंतू यांचं नातं आईंना सांगितलेलं नाही.

लोभ नसला तरी चालेल, हातमोजे असू द्या.
गंधाली

नागपूर, ९ नोव्हेंबर

चि. सौ. गंधालीस अ. उ. आ.

शिशिर दारात आला तेव्हा भार्गव दोन चादरी घेऊन कुडकुडत होते. मी व्हायरल म्हणून काढा देत बसले होते. दवाखान्यात सगळ्यात आधी ते नाव सांगितलं. दोन्ही तपासण्या झाल्या. सिक्वेन्सिंगने तेच नाव दिलं. मागाहून प्लेटवरही तोच उगवला, आणि नाव आधी कानावर पडलं होतं म्हणून कुणी त्याला फेकलं नाही. औषध त्या प्लेटवरूनच पक्कं केलं. गोळ्या अजून काही महिने आहेत. आता जेवतात, भाजीत मीठ कमी म्हणून माझ्यावर ओरडतात.

म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तू वेळेवर ओळखलं असतंस तर बाबाही असेच ओरडत बसले असते.

डॉक्टरांनी सांगितलं तशी तुळशीसकट माती पिशवीत बांधून टाकून दिली. बाबांना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं झालं. त्या दिवशी मी खूप रडले.

आई रोज फोनवर विचारते, तुझ्या बाबांच्या रक्तात हे आलं तरी कुठून. माती मीच मागितली होती, हे सांगायच्या आत मी फोन भार्गवांकडे देते. तू सांग तिला. बाहेरून आलेलं, दुर्लक्ष करावं. तुला ते लिहिता येतं.

लोभ मागत नाही, एवढंच मागते.
चित्रा