वॉफलचा साचा आणि तीन देवमासे

ती. ओडनीताईस,

टोरलाइफचा नमस्कार. गुडघा कसा आहे? कॉड माशाच्या तेलाने चोळतेस ना, की नुसतंच शेजारणींना त्याचं कौतुक सांगतेस? मी ठणठणीत आहे आणि, छाती फुगवून लिहितो, जिंकलो आहे!

चाळीस वर्षं मासेमारी केली म्हणून या चौदा प्रवाशांच्या जहाजावर मला देवमासे हुडकायला टेहळ्या नेमलं, हे तू गावभर सांगितलंच असशील. पण तीन दिवस देवमाशाचं शेपूटही दिसेना. समुद्रगरुड झाले, सील झाले, पफिन पक्षी तर इतके, की एका जर्मन बाईंनी त्यांच्याकडे पाठच फिरवली. शेवटी कप्तान एस्किल (वय एकतीस, दाढी आजोबांची) म्हणाला, "टोरलाइफकाका, दुपारपर्यंत देवमासा नाही, तर दुर्बीण ठेवा आणि खाली बटाटे सोला." ताई, बटाटे! मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात खालून वास आला. वॉफलचा! होडीवर वॉफल म्हणजे जाळं रिकामं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बाबांनी तर असल्या माणसाला धक्क्यावरूनच हाकललं असतं. आणि आमची स्वयंपाकीण रांगफ्रीड (ऑस्लोची आहे, तिचा तरी काय दोष) रोज सकाळी साचा तापवते! मी हात जोडून समजावलं. ती म्हणते, "काका, देवमाशाला काय कळतंय मी काय भाजते ते?" माझं डोकंच फिरलं. साचा उचलला, वर आलो आणि दिला समुद्रात भिरकावून. (तापलेला होता. दोन बोटं भाजली.)

एस्किल ओरडायला तोंड उघडतो न उघडतो, तोच डावीकडे फवारा! एक नाही, तीन देवमासे, आणि तिघांनी शेपट्या उचलून दाखवल्या. जर्मन बाईंनी रडत रडत माझ्या गालाचा मुका घेतला. एस्किलने सगळ्यांदेखत दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि हंगामभर पुढचा कठडा तुमचा, असं जाहीर केलं. आज बाबा हवे होते गं!

तुझा धाकटा,
टोरलाइफ

ता. क. रांगफ्रीड आत्ताच सांगून गेली, की देवमासे आले तेव्हा चौदाही जणांच्या हातात गरम वॉफल होतं. थाप म्हणावी, तर बाईंनी मुका घेतला त्याच गालाला वॉफलवरचा मुरंबा लागलेला निघाला.

ता. क. २. आईचा साचा तुझ्याकडे आहे ना? लगेच पाठव, पार्सलावर रांगफ्रीडचं नाव घाल. सोमवारी नवे प्रवासी येतात आणि मला देवमासा दाखवायचाच आहे. साचा भाजायला वापरायचा की फेकायला, हे अजून ठरलेलं नाही.