पॅराशूटच्या दोरीचं कडं

आबा, परवा कऱ्हाडात एका दुकानात पॅराशूटच्या दोरीची कडी टांगलेली बघितली आणि मी तिथंच हसत सुटले. लाल, निळी, भगवी, प्लॅस्टिकच्या चापाची. दुकानदाराला विचारलं, हे सोडायचं कसं? तर म्हणतो, सोडायचं कशाला मॅडम, घालून मिरवायचं असतं. तेव्हापासून कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असलं काही दिसलं की माझं पहिलं बोलणं तुमच्याशीच होतं.

मी नववीत होते. मलकापुरात आपल्या गल्लीत नुकती केबल आली होती, आणि आमची सहल कोयनेच्या पाण्यापलीकडं, जंगलातल्या किल्ल्यावर निघाली होती. तुम्ही सुट्टीवर आला होता. पोरींना जंगलात नेणार म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली. नाही म्हणाला नाहीत, पण फौजी माणूस, सरळ हो कसं म्हणेल! ट्रंकेतून कंडम झालेल्या पॅराशूटची हिरवी दोरी काढलीत, स्वयंपाकघराच्या दाराला अडकवून घट्ट विणीचं कडं केलंत आणि माझ्या मनगटात घातलंत. पाय मुरगळला तर काटक्या लावून बांधायचं कसं, तेही दाखवलंत. वर अट अशी, की ओल्या हातांनी, कुणाच्या मदतीशिवाय कडं सोडून दाखवायचं, तरच सहल. "रानात अडचण आली तर दोरी हातात पायजे," म्हणालात. "मनगटावर शोभेला न्हाई."

बादलीत हात बुडवून मी बसले. नखं दुखली, दात लावून झाले, पण वीण तसूभर हलेना. मैत्रिणींनी कुणी चिवडा आणायचा, कुणी लाडू, तेसुद्धा ठरवलं होतं आणि मी न्हाणीपाशी मुसमुसत होते. मला तुमचा इतका राग आला होता म्हणून सांगू! तेवढ्यात आई साखरेचं पोतं उघडायला बसली. कारखान्याची साखर, तोंडाला मशीनची शिवण. तिनं नेमकं टोक धरलं, ओढलं, आणि सर्रकन सगळं तोंड मोकळं. मग तुमच्याकडं न बघताच म्हणाली, "आवं, कडं असं का न्हाई विणत? पोतं एवढं वझं धरतंय, आन् सुटताना एका हिसक्यात सुटतंय."

मला वाटलं, आता भडका उडतोय. पण तुम्ही चहा तसाच ठेवून पोत्याजवळ उकिडवे बसलात आणि शिवण उलटसुलट बघू लागलात. मग तुम्ही दोघं बोटांवर दोरी घेऊन साखळी विणत बसलात. पहिली साखळी धड मनगटात जाईना, दुसरी आपली आपणच सुटली, आईची हसून हसून मुरकुंडी वळली. तव्यावरची भाकरी करपली, कुणाला पर्वा! शेवटच्या फासातून टोक घालून अडकवायचं आईलाच सुचलं, आणि जमलं. मी ओल्या हातानं ते टोक बाहेर काढलं, ओढलं, अख्खी दोरी पायाशी! "लय भारी, गड्या," तुम्ही म्हणालात. पलटणीतल्या माणसाला म्हणावं तसं. ते मला की आईला, यावरून आम्ही दोघी पुढं कितीतरी वर्षं भांडत होतो.

आणि किल्ला उतरताना माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा पाय मुरगळलाच की! घोटा सुजून टम्म. खाली शेवटची लाँच सुटायची वेळ होत आलेली, बाई सारखं घड्याळ बघतायत, हिला पाऊल टेकवेना. लिहितानाही सगळं पुन्हा समोर दिसतंय बघा. मी टोक काढते, हिसका देते, सर्रकन दोरी हातात. दोन्ही बाजूंना सरळ काटक्या, मधे ओढणी, वरून दोरी, आवळलेली पण बोट जाईल इतपत. ती उठून उभी राहते. माझ्या आणि आणखी एकीच्या खांद्यांवर हात टाकून, लंगडत, कण्हत, मला शिव्या घालत ती लाँचपर्यंत आली आणि आम्ही सगळ्या वेळेत पाण्यापार झालो.

कऱ्हाडच्या स्टँडवर तुम्ही न्यायला आला होता. आधी माझं मोकळं मनगट बघितलंत आणि तोंडच उतरलं तुमचं. "हरवलं व्हय?" मी मैत्रिणीच्या पायाकडं बोट दाखवलं. तुम्ही खाली बसून दोरी चाचपलीत, गाठ बघितलीत, आणि उठलात ते थांबेचनात. कंडक्टरला सांगितलंत, रसवाल्याला सांगितलंत, उंब्रजच्या गाडीसाठी बसलेल्या कुठल्याशा म्हातारीलाही सोडलं नाहीत. "ही माझी पोरगी. तिनं बांधलंय ते." मी तुमची बाही ओढत म्हटलं, आबा, बास करा की, लोक बघतायत. तुम्ही लगेच थांबलात, आणि घर येईपर्यंत काही बोलला नाहीत.

हा कागद काही कुठं जाणार नाही, घडी घालून कपाटात ठेवीन. पण एक सांगून टाकते. तुम्ही थांबावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, आबा. त्या म्हातारीच्या पलीकडं बाकावर अजून दोघं बसले होते. त्यांना सांगायचं राहिलं.