सात नंबरची पुडी

४ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

अ. आ. हे गेल्यानंतर तू पंधरा दिवस राहिलीस म्हणून घर सावरलं. तू गेल्यावर दोन दिवस मी चहा दोघांचाच टाकत होते. होईल सवय.

काल शाळेतून हेडमास्तर येऊन गेले. परीक्षेसाठी यांनी बांधलेल्या क्षारांच्या पुड्या घेऊन गेले. प्रयोगशाळेत रंगकाम निघालं होतं, म्हणून यांनी त्या आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बांधल्या होत्या. एका पुडीत एक क्षार, मुलांनी ॲसिड घालून, तापवून तो ओळखायचा. बारा हव्या होत्या, अकराच निघाल्या. सातवी नाही. आजारी पडण्याआधी हेही दोन दिवस तीच शोधत होते. मी पाहिली नाही म्हणून त्यांना सांगितलं होतं, हेडमास्तरांनाही तेच सांगितलं.

सोड्याचा डबा नेलास ते बरं केलंस. जळजळीचा त्रास यांना होता, मला तो लागत नाही. बापूला म्हणावं, चिमटीभरच घे. शेवटच्या आठवड्यात हे जिना बसून बसून चढायचे, ते डोळ्यांपुढून हलत नाही. हृदयाचं दुखणं होतं म्हणाले डॉक्टर.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी अक्का

१० फेब्रुवारी

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. तुमच्या बंधुराजांना डबा भलताच मानवला. रोज जेवण झालं की दाजींसारखंच लिंबूपाण्यात चमचाभर. चिमटीचं सांगितलं तर म्हणाले, अक्काचा हात लहानपणापासूनच आखडता!

जळजळ थांबली, पण परवापासून उलट्या होताहेत. ओठांना मुंग्या येतात म्हणाले. मी म्हटलं, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असला तर येणारच. काल कामावरून आले ते जिना बसून चढले. आधी मी हसले. मग तुमचं पत्र आठवलं आणि हसू तिथेच थांबलं. थकवा असेल. तुम्ही वेळेवर जेवा.

माया आहे तशीच ठेवा.

तुमची वहिनी

(तार, १३ फेब्रुवारी)

डब्यातला सोडा बंद. बापूला डॉक्टरकडे न्या. अक्का.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. तार मिळाली. आमचे डॉक्टर परगावी गेलेत, सोमवारी येतील.

बापूंनी मात्र हसण्यावारी नेलं. शाळेतलं रसायन अजून विसरलो नाही म्हणाले. चमच्यात पूड घेतली, वर लिंबू पिळलं, तर काय फसफसली! बघ, सोडाच आहे, अक्का बिचारी दुःखाने घाबरलीय, असं म्हणून तेवढंही पिऊन टाकलं. मी अडवलं, पण ऐकतील तर ना. आज चमचा धरतानाही हात थरथरत होता.

हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, काय झालंय ते सविस्तर कळवा.

तुमची वहिनी

१४ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

अ. आ. तुझं पत्र आत्ताच मिळालं. हे उत्तर दुपारच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. वाचून होताच बापूला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात ने. सोमवारची वाट पाहू नको.

फसफसण्यावर जाऊ नका. ॲसिड पडलं की कुठलंही कार्बोनेट फसफसतं. खायचा सोडा तसाच, सातवी पुडीही तशीच. यांच्या वहीत सातपुढे बेरियम कार्बोनेट लिहिलं आहे आणि खाली लाल शाईने विषारी. पाण्यात ते विरघळत नाही. पोटातल्या ॲसिडात विरघळतं आणि अंगात भिनतं.

तुझं जिन्याचं वाचून मी उठले, तार केली आणि रात्री स्वयंपाकघरातला खण उपसला. खणात अंथरलेला कागद उलटा केला, तर सातचा आकडा. मुलांनी आधी पाहून ठेवू नये म्हणून यांनी नंबर पुडीच्या आतून लिहिले होते. बाहेरून कागद कोरा. वाण्याकडचा सोडा समजून ती पुडी मीच डब्यात ओतली होती.

डॉक्टरांना बेरियम हा शब्द सांग. डबाही ने.

अक्का

१८ फेब्रुवारी

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहिते आहे. डॉक्टरांनी डब्यातली पूड पेल्यात साध्या पाण्यात ढवळली. थोडी विरघळली, बाकीची तळाशी बसली. तुम्ही लिहिलेला शब्द वाचून दाखवल्यावर त्यांनी सल्फेटचं पाणी पाजलं, त्याने पोटातलं बेरियम बांधलं जातं म्हणाले. दोन दिवस बापूंना मानही उचलता येत नव्हती. आज उशीला टेकून बसले. पहिलं वाक्य काय, तर अक्काच्या हातचं आता पाणीसुद्धा पिणार नाही! म्हणजे बरे आहेत.

डॉक्टर विचारतात, या डब्यातलं आणखी कोणी घेतलं होतं का? तुम्ही घेतलं नाहीत ना? मला धीर नाही, लगेच कळवा.

तुमची वहिनी

२१ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

अ. आ. बापू बसला हे वाचून बरं वाटलं. त्याला जपा. सातवी पुडी सापडली असं हेडमास्तरांना कळवलं आहे.

मी घेतलं नाही. डबा भरल्यापासून नऊ दिवस रोज जेवणानंतर एकाने घेतलं. लिंबूपाण्यात मीच ढवळून देत होते. पेल्याच्या तळाशी पांढरं राहायचं. वाया जाऊ नये म्हणून थोडं पाणी घालून तेही प्यायला लावायची.

डॉक्टरांना हे वाचून दाखव. बापूला एवढ्यात सांगू नकोस.

लोभ ठेवता आला तर ठेव.

अक्का