जूनमधला कोबी

मी, पोर्फिरी साव्विच लुकोश्किन, झावोर्स्क येथील ‘व्होल्गाकाठ’ या वर्तमानपत्राचा संपादक, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. दडपणाशिवाय लिहिण्याची सवय नाही, तरी चूकभूल माफ असावी.

१. घर, अंगण व चहाचा समोवार पत्नी ग्लाफिरा निकोनोव्हना हिला. वर्तमानपत्रही तिलाच, कारण लोक वाचत ते तिला. सेन्सॉरने मजकूर कापला तरी जागा कोरी ठेवण्यास बंदी होती. कोरा कागद म्हणे लोकांना चिथावतो. तिथे मी ग्लाफिराच्या पाककृती छापी. कृती लांबली की बरेच कापले गेले, हे लोकांना बरोबर कळे.

२. लाल शाईची दौत सेन्सॉर विकेंती आवगुस्तोविच श्टेमर यांना परत. ती मुळात त्यांचीच, म्हणून देणगी समजू नये. रस्त्यावरच्या कंदिलांवरील लेखातून त्यांनी ‘अंधार’ हा शब्द काढला होता. माणूस वाईट नाही; आमच्याकडे जेवल्यावर हात पुसून मगच कापाकापी करतात. साक्षीला त्यांनाच बोलावले आहे. माझे लिखाण इतक्या बारकाईने दुसरे कोण वाचते?

३. मुलगा येवसेई गेल्या जूनमध्ये तुरुंगात वारला. कागदावर ‘ताप’ असे लिहिले आहे. त्याला शेवटची आंघोळ मी घातली. मला त्याची फार आठवण येते. मृत्यूची बातमीही कापली गेली, तेव्हा मी ग्लाफिराकडे कोबी खारवण्याची कृती मागितली.

“अहो, जूनमध्ये कोबी कोण खारवतं?”

“कोणीच नाही. म्हणूनच दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात माणसे टोप्या काढून उभी होती.

४. येवसेईच्या थडग्याला दगड बसवावा, आणि तो खरोखर कसा मेला ते त्यावर पुढील शब्दांत, एकही अक्षर न बदलता, कोरावे:

कोबीचे गड्डे बारीक चिरावेत. मीठ लावून चांगले रगडावेत. पिंपात भरून वर जड दगड ठेवावा. दगड कितीही जड असो, आतून बुडबुडे येतातच. घाबरू नये.

झावोर्स्क, १४ ऑक्टोबर १९०३
(सही) पो. सा. लुकोश्किन

साक्षीदार:
वि. आ. श्टेमर. कलम ४ मधील मूळ मजकूर वगळला. पाककृतीस हरकत नाही.
पान्क्रात येगोरोव, छापखान्यातील खिळे जुळवणारा. कोरी जागा कोठेही सोडलेली नाही.