वाढीचं कापड

मात्सुए, २ नोव्हेंबर

प्रिय मित्सुयोताई,

वाकून नमस्कार. ऑगस्टनंतर तुला पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोजची डायरी लिहायला मला वेळ मिळतच होता, आणि तिच्यात जवळजवळ रोज ‘ताईला लिहायचं’ अशी ओळ आहे. खरं कारण असं, की हातातलं काम तडीस गेल्याशिवाय ते कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. काल ते तडीस गेलं. तुझा गुडघा कसा आहे? अकितात एव्हाना उबेचे स्टोव्ह पेटले असतील. भाऊजींना छाती झाकायला सांग. तुझं कार्ड पोचलं. मी पाठवलेला बटवा तुला आवडला आणि तू त्यात चष्मा आणि गोळ्या ठेवून रोज वापरतेस, हे वाचून फार बरं वाटलं. दिलेली वस्तू वापरात आहे, देणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं.

काम म्हणजे कोनात्सूचा किमोनो. येत्या पंधरा तारखेला तिचं सातव्या वर्षाचं देवदर्शन. त्यासाठी आईचा तो जांभळट, पांढऱ्या सारसांचा किमोनो (वाटणीत तुला हिरवा आला, मला हा) मी उसवला, धुतला, आणि लेकीच्या मापाचा शिवला. सगळा हाताने. तुला आठवत असेल, शाळेत शिवणाच्या बाईंनी माझ्या एप्रनवर ‘प्रामाणिक’ असा शेरा दिला होता. तेव्हा मला तो कमी वाटला होता. आता वाटतं, बाईंना पारख होती.

एका बाबतीत मात्र सासूबाईंचं आणि माझं जुळलं नाही. त्यांचं म्हणणं, मुलांचा किमोनो मापात शिवायचाच नसतो. वाढत्या अंगाचा, चांगला ऐसपैस शिवायचा, जास्तीचं कापड खांद्यांवर आणि कमरेत दुमडून टाके घालायचे, आणि मूल वाढेल तशी ती दुमड सोडत जायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपण दोघी अशाच दुमडींमध्ये वाढलो. पण मी नीट विचार केला (डायरीत दोन्ही बाजू लिहून काढल्या, आणि सासूबाईंची बाजू मोठ्या अक्षरात लिहिली, म्हणजे अन्याय नको). हा किमोनो एक दिवस घालायचा आहे. मग ज्या वाढीसाठी जागा राखायची, ती वाढ होणार शाळेच्या स्कर्टमध्ये. शिवाय कोनात्सूची चण लहान, कमरेत कापडाचा गठ्ठा आला की ती उशीसारखी दिसणार. तेव्हा मी ऑगस्टमध्ये, उन्हाळ्याच्या सुटीत तिचं माप घेतलं, एकदा उभं करून आणि एकदा चटईवर आडवं झोपवून, दोन्हींची सरासरी काढली, आणि कमरेतला वीतभर रुंद पट्टा सरळ कापून टाकला. खांद्यांवरचंही जास्तीचं कापलं. त्या पट्ट्याचाच तुझा बटवा झाला. (सारसांपैकी एकाची मान तुझ्याकडे आली आहे, पाय इथे आहेत.) जोड कमरपट्ट्याखाली जातो. माझ्या मते काम निर्दोष होतं आणि मी ते सासूबाईंना त्याच विश्वासाने दाखवलं.

त्यांनी जोड पाहिला. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पाहिला. “हिसाए, तू पोरीची वाढच कापून टाकलीस की गं,” त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, मुळा जास्त शिजला की ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. पण त्याच वेळी कोनात्सू दारात बूट काढत उभी होती.

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात, सगळ्यांत बुटकं मूल पुढे. अंतर घ्या म्हटलं की मागची सगळी मुलं दोन्ही हात पुढे करतात. पहिल्याच्या पुढे कुणी नसतं, म्हणून त्याने हात कमरेवर ठेवायचे. कोनात्सू शाळेत गेल्यापासून हात कमरेवर ठेवून उभी आहे. तिच्या मागची मोए तिच्याहून बोटभरच उंच आहे, पण ती हात पुढे करते. याबद्दल कोनात्सू कधी बोलत नाही, म्हणून मला वाटायचं की तिला त्याचं काही नाही.

तिने किमोनो घालायला साफ नकार दिला. घातला तर आपण एवढ्याच राहू, असं तिचं म्हणणं. मी तिला माणूस हाडांनी वाढतो हे चित्र काढून समजावलं. तिने मन लावून ऐकलं, हाडं रात्री वाढतात की दिवसा असं विचारलं, आणि मग सांगितलं की देवाला ती शाळेच्या स्कर्टमध्ये जाईल. तिच्या बाबांनी, तात्सुरोंनी, पेपरातून मान वर न करता सांगितलं की स्कर्टही चांगला आहे. या घरात माझ्या बाजूने बोलणारं माणूस कधी कधी फक्त डायरीत सापडतं.

पण मी हार मानली नाही. खांद्यांवरच्या चिंध्या उरल्या होत्या आणि थोडं अस्तर होतं. त्यांच्या पट्ट्या करून मी खांद्यांवर आणि कमरेत अशा बसवल्या, की बघणाऱ्याला दुमडच वाटावी. ही लबाडी आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. पुरुषांच्या कोटाला नुसते दिसायचे खिसे असतात आणि त्यासाठी शिंप्याला कुणी खोटारडा म्हणत नाही, असं उत्तर मिळालं. काल किमोनो टांगला. कोनात्सूने लांबूनच पाहिला आणि मान डोलावली. सासूबाईंनीही पाहिला आणि चहा ठेवायला गेल्या. मी तो होकार धरते.

एकंदरीत सगळं उत्तम पार पडलं आहे. पंधराला तू यावंस अशी फार इच्छा आहे. माझं शिवण तू डोळ्यांनी पाहायला हवंस.

तुझी,
हिसाए

ता. क. येताना बटवा घेऊन ये. एकाच कापडाचा आहे, फोटोत शोभेल.

ता. क. दुसरा. येईपर्यंत थांबू नकोस. बटवा हे पत्र मिळताच कुरियरने पाठव. रिकामा.

कोनात्सू शाळेतून आली आणि तिने किमोनो अंगावर चढवला. खांद्यावरच्या दुमडीत तिने आधी बोट घातलं, मग पेन्सिल. “आई, ह्यात काहीच नाही,” ती म्हणाली. कोटाच्या खिशांचा मुद्दा माझ्या ओठांवर होता, पण सात वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघून तो बोलवेना. विषय बदलावा म्हणून मी खाली घेराकडे पाहिलं, तर घोटे उघडे. पहिला संशय मी इस्त्रीवर घेतला. कापड मोजलं, ते होतं तेवढंच होतं. मग कोनात्सूला मोजलं. सरासरी काढायची गरज पडली नाही. ताई, पोरगी ऑगस्टपासून दोन बोटं वाढली आहे.

मला वाटलं ती उड्या मारेल. तिने फक्त विचारलं, मोएपण वाढली असेल का. मी म्हटलं, ते मला माहीत नाही. (हे खरं उत्तर होतं. आजच्या दिवसातलं बहुधा पहिलंच.) मग ती त्या आखूड किमोनोतच बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात सरळ पुढे केले. समोर चपलांचं कपाट होतं. बराच वेळ तशी उभी होती. आई एका नव्या वर्षाला तुझी दुमड आधी सोडायला बसली होती आणि मी रुसून तांदळाच्या मोचीच्या वाडग्याला हात लावला नव्हता, ते मला तेव्हा आठवलं. डायरीत दोन्ही बाजू लिहिताना हे कसं आठवलं नाही, कळत नाही.

सासूबाई म्हणतात, पट्टा परत जोडू, जोड दुमडीच्या पोटात जाईल, कुणाला दिसणार नाही. मी विचारलं, हीसुद्धा लपवाछपवीच नाही का? “अगं, आत कापड आहे ना? मग लबाडी कसली,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातून सुई काढून घेतली आणि दोरा ओवून परत दिली.

ता. क. तिसरा. बटव्याची शिवण तू उसवू नकोस, तू दोरा ओढतेस. डाग पडला असला तरी तसाच पाठव, तो आत जाईल. दिलेल्या वस्तूबद्दल वर जे लिहिलं आहे ते खोडणार होते, पण सकाळी ते मनापासूनच लिहिलं होतं, म्हणून राहू देते. तुला दुसरा बटवा शिवून देईन, याहून मोठा. गोळ्या काय, वाढत जाणारच.

आज डायरीत लिहिलं आहे, उद्या : कोनात्सूचं माप पुन्हा घ्यायचं, सैल हाताने.