‘ताण’मधला वॉलमन

८ जुलै २०२४, सकाळी ११.२०
किशोरची कविता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला लागली. बातमी पक्की. अभ्यास मंडळावरच्या देवानंदने फोनवर दोनदा कन्फर्म केली. दुसऱ्यांदा मीच विचारलं होतं.

माझी एकही नाही. माझ्या ‘वेदनेचे व्याकरण’ या संग्रहात त्रेसष्ट कविता आहेत आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट वेदनेवर. किशोर हिवरखेडला संत्र्याची बाग पाहतो आणि फावल्या वेळात लिहितो.

२०११ साली अकोल्याला माझ्या प्रकाशन समारंभात त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. जुना रूम पार्टनर म्हणून. चाळीस माणसांसमोर म्हणाला, कागद फार चांगला वापरला आहे. बाइंडिंगही मजबूत. आणि खाली बसला. तेरा वर्षं झाली. मी विसरलो नाही. मी काहीच विसरत नाही.

दुपारी २
अकोल्याहून धर्मेंद्रचा फोन. तो गाइडं छापतो, मी लिहितो, वर नाव ‘अनुभवी प्राध्यापक’ असं जातं. म्हणाला, सर, कवीने प्रतिमांतून वेदना कशी मांडली, हा दहा मार्कांचा प्रश्न येणारच. पंधरा दिवसांत उत्तर पाहिजे.

म्हणजे किशोरच्या कवितेचा अर्थ काय, हे मी ठरवणार. देव आहे.

११ जुलै
कविता मिळाली. नाव ‘ताण’. उतरवून ठेवतो.

बागेला ताण देतात
बहर यावा म्हणून.
माझं पाणी त्यानं तोडलं
नुसता कॉक हाती होता म्हणून.
पानं गळाली.
तो सावलीत उभा राहून म्हणाला,
यंदा उन्हाळा कडक आहे.

संपली. यात वेदना कुठे आहे? तो शब्दसुद्धा नाही. माझ्या संग्रहात एकशे चार वेळा आहे.

गीतांजलीला वाचून दाखवली. बायकोचं माहेर मोर्शीकडचं, घरची संत्री. भाजी चिरत होती, थांबली. म्हणाली, कोनं तरी लय दुखवलं बाप्पा या मानसाले. मी म्हणालो, झाडावर आहे ती. म्हणाली, झाड काय कविता करते? मग मलाच शिकवायला लागली. ताण देणारा माणूस पाणी तोडते, पण रोज बागेत जाते, पान किती मुरडलं ते पाहते अन् वेळेवर पाणी सोडते. ह्यानं तोडलं अन् पाहालेही गेला नाही. ताण देनं येगळं, मारनं येगळं.

बरं. गाइडात एवढं खोल जात नाहीत.

१६ जुलै, पहाटे ५.४०
सुचलं! नळाची वाट पाहताना सुचलं. पाणी कधी येणार हे फक्त वॉलमनला माहीत असतं. कॉक कोणाच्या हाती? वॉलमनच्या!

लिहून टाकलं: ‘येथे “तो” म्हणजे गावच्या पाणीपुरवठ्याचा वॉलमन होय. त्याने वेळेवर पाणी न सोडल्याने कवीची झाडे वाळली. हीच कवीची वेदना.’

आता दरवर्षी हजारो पोरं लिहितील की, हा थोर कवी नळासाठी रडला. कागद चांगला आहे म्हणे!

२३ ऑगस्ट
गाइड बाजारात. वर्गात विचारलं, तो म्हणजे कोण? ऐंशी पोरं एका सुरात, वॉलमन! अंगावर काटा आला. फक्त पहिल्या बाकावरची दामिनी गप्प. विचारलं तर म्हणाली, सर, वॉलमन कशाला म्हणेल उन्हाळा कडक आहे? तो तर म्हणेल लाइन फुटली. वर्ग हसला. मी अभ्यास वाढवायला सांगितलं.

१९ सप्टेंबर
अनोळखी नंबर. देवमन बोलतो, हिवरखेडहून. बावीस वर्षांपासून वॉलमन. माझा नंबर धर्मेंद्रने दिला. धर्मेंद्रशी बोलावं लागेल.

पुतणी बी.ए.ला आहे, तिने गाइड घरी आणलं. म्हणे, सायेब, गावात वॉलमन मी एकलाच हाय. पोट्टे येता-जाता इचारतात, काय देवमनभाऊ, कवीले काहून वाळवलं? किशोरभाऊच्या बागेत तं विहीर हाय, माहा वॉल तिकडे जातच न्हाई.

शांतपणे समजावलं की, ही प्रतिमा आहे. म्हणे, प्रतिमा म्हंजे फोटो काय? म्हटलं, तसंच समजा. म्हणे, मंग माहा फोटो काहून लावला? ज्याचा हाय त्याचा लावा ना.

पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकायची. नक्की.

२४ सप्टेंबर
तळटीप राहिली. कॉलेजात नॅकचं काम आहे.

किशोरचा फोन. आधी हसतच होता. शेखर, लेका, वॉलमन कुठून आनला? मग म्हणाला, देवमन तीन दिवसांपासून पारावर येऊन बसत नाही. असं कर, तुह्या कॉलेजात येतो अन् पोरायले सांगतो का त्याचा दोष नाही.

लगेच हो म्हटलं. स्वतःच्या पायांनी येतो आहे! ‘कवी आपल्या भेटीला’ असा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष मी. समारोपात एकच वाक्य बोलायचं: कवितेबद्दल काय बोलावं, पण कवीच्या सदऱ्याचं कापड फार चांगलं आहे. आणि खाली बसायचं.

४ ऑक्टोबर
वाक्य आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. ‘फार’नंतर थांबायचं.

५ ऑक्टोबर, दुपारी ४
कार्यक्रम झाला.

किशोर टी-शर्ट घालून आला.

हॉल भरलेला. देवमन पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कपड्यांत, हात जोडून. दामिनीने विचारलंच, सर, मग तो कोण?

किशोर म्हणाला, नाव घेत नाही. नाव घेतलं का कवितेचा तक्रारअर्ज होते. पण झालं काय ते सांगतो. १९९७. अमरावतीत एका रूमवर दोघं राहत होतो. मला कॉलेजातल्या नोकरीचं इंटरव्ह्यूचं पत्र आलं. मी गावाले गेलो होतो. पार्टनरनं घेऊन ठेवलं. इंटरव्ह्यू होऊन दोन दिवस झाल्यावर हाती देल्लं. देताना म्हणाला, पोस्टाचा कारभार लय ढिला आहे बुवा.

हॉलमध्ये कोणीतरी हळूच म्हणालं, यंदा उन्हाळा कडक आहे.

किशोर म्हणाला, बरोबर. पत्रावरच लिवलं असतं तं तुमाले पाच मिनिटं राग आला असता, मले आयुष्यभर. झाडाले सांगितलं, अन् माहा राग त्यानं ठेवून घेतला. नोकरी गेली त्याचं दुख कमीच होतं. तो माहा मित्र होता, हे दुख कोनत्या शब्दात सांगू? म्हून सावली आनली कवितेत.

मग देवमनला उभं केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याने गमछ्याने तोंड पुसलं.

समारोपात मी म्हणालो, वेळेअभावी आभार.

ते पत्र माझ्या बॅगेत राहिलं होतं. विसरलो होतो. त्याच जागेसाठी मीही इंटरव्ह्यू दिला, हा योगायोग. मी लागलो, हा गुणवत्तेचा प्रश्न.

६ ऑक्टोबर
गीतांजलीने चहा ठेवला आणि विचारलं, पत्र तुमच्याजवळ होतं काय जी? मी म्हणालो, त्या काळी पोस्टाचा कारभार. एवढ्यावर थांबलो. ती म्हणाली, बोला ना, थांबले काहून?



९ ऑक्टोबर
किशोरला कवितेनेच उत्तर द्यायचं. माझं दुखणं काय लहान आहे? भर हॉलमध्ये, माझ्याच अध्यक्षतेखाली! प्रतिमा शोधल्या: ज्वालामुखी, सर्पदंश, वादळातलं जहाज. गीतांजली म्हणाली, जहाज कुठं पाह्यलं तुमी? चिखलदऱ्याच्या तलावात?

१० ऑक्टोबर
जहाज काढलं. ज्वालामुखी ठेवला.

१७ ऑक्टोबर
ज्वालामुखीपुढे ओळ सरकत नाही. किशोरकडे राग ठेवायला झाड होतं. मला काहीच नव्हतं. मला नोकरी होती.

वरचं वाक्य खोडायचं आहे.

२ नोव्हेंबर
धर्मेंद्रने नवी आवृत्ती काढली. वॉलमनचं पान काढून टाकलं, मला न विचारता. म्हणाला, सर, पोरं दुकानात येऊन हसून राहिले. त्या पानावर किशोरचं भाषण छापलं, दामिनीने मोबाइलवर घेतलेलं. वर नाव मात्र ‘अनुभवी प्राध्यापक’च.

२८ नोव्हेंबर
पेपर झाला. प्रश्न आला. दहा मार्क, सक्तीचा. बाहेर पोरं म्हणत होती, सोपा गेला, सगळ्यांनी मित्रच लिहिला.

ठरवलं: तपासणी कडक करायची. मित्र लिहिणाऱ्याला चारच्या वर नाही.

५ डिसेंबर
देवानंदचा फोन. यंदा नऊ जण पेपर तपासतील, सगळ्यांसाठी एकच मॉडेल आन्सर हवं, ते तुम्ही लिहा. पाच मुद्दे, प्रत्येकी दोन मार्क. वॉलमन नको, कवीनेच खुलासा केला आहे. म्हणाला, तुम्ही त्याचे रूम पार्टनर, तुमच्याइतकं कोणाला माहीत? आवाज ऐकून काही कळलं नाही. नेहमीसारखाच होता.

नाही म्हणणार होतो. मानधनाची नव्हे, सीनिऑरिटीची गोष्ट आहे. हो म्हणालो.

६ डिसेंबर, सकाळी ८.१५
चार मुद्दे झाले. झाड म्हणजे कवी. पाणी म्हणजे त्याच्या वाट्याची संधी. कॉक म्हणजे ती संधी तिसऱ्याच्या नव्हे, जवळच्याच माणसाच्या हाती असणं. सावलीत उभं राहणं म्हणजे स्वतः करून दुसऱ्यावर ढकलणं. चांगले उतरले. अक्षरही चांगलं आलं.

सकाळी १०.४५
पाचवा मुद्दा देवानंदने व्हॉट्सअ‍ॅपवर सुचवला: ‘त्या मित्राने असे का केले असावे? विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत.’ दोन मार्क.

लिहिलं: ‘तो विसरला.’

गीतांजली चष्मा लावून उभी होती. वाचलं. म्हणाली, याले शून्य.

खोडलं. खाली जागा सोडली आहे. अकराला देवानंदचा शिपाई कागद न्यायला येईल.