आमच्या घरची घटनादुरुस्ती

मँचेस्टर
रविवार, मार्च १९६८

सफरचंदाचं झाड काही डोक्यातून जात नाही.

चूक ह्यांचीच. जेवताना रेडिओवर बातमी लागली, अमेरिकेतली राज्यं घटना बदलायला परिषद मागताहेत. मुलींनी विचारलं आणि हे खुलले. दोन-तृतीयांश राज्यांनी मागितली की परिषद बोलवावीच लागते. तिथे ठरेल ते तीन-चतुर्थांश राज्यांनी मानलं की घटना बदलते. "पण एकदा परिषद भरली की ती कुठवर जाईल, सांगता येत नाही."

मोठी मीना बापाचीच लेक. "मग आपण चौघं चार राज्यं. शुक्रवारी चिप्स हवेत, परिषद बोलवा." धाकट्या नंदाने हात वर केला, गंमत म्हणून मीही. चिप्स मंजूर. हे हसत होते.

मग नंदा म्हणाली, "बाबा, गार्डनमध्ये सफरचंदाचं झाड लावायचं."

ह्यांचं हसू थांबलं. झाड लावायचं नाही, हा ह्या घराचा पहिला नियम. पाच वर्षांत पुण्याला परत जायचं, मग फळं कोण खाणार? पाचाची आठ झाली, तरी आमची आपली कुंडीत कोथिंबीर.

दोघी हात वर करून माझ्याकडे बघत होत्या. मला पुण्यात वाट बघणारी आई आठवली. मला खरंच परत जायचं नाही का? कोण जाणे. हात मात्र वर गेला होता.

"चारात तीन. मंजूर," म्हणून हे उठून गेले. रागावले असं वाटलं. भांडी घासताना बघते तर गार्डनमध्ये उभे, ऊन कुठे पडतं ते शोधत.

खिडकीशी येऊन म्हणाले, "फळ धरायला किती वर्षं लागतात गं?"

मी म्हटलं, "पाच."